पुढची सीट

खेमसिंगच्या गाडीत पुढची सीट सगळ्यांत जास्त दुखणाईताची असे. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे पाचला पांढरकवड्याहून यवतमाळला डायलिसिससाठी निघणाऱ्या त्या जुन्या पांढऱ्या ॲम्बेसेडरमध्ये तीन पेशंट असत, आणि ज्याचा जीव त्या आठवड्यात अधिक अवघड, त्याला उरलेले दोघं पुढं बसवत. पुढं पाय लांब करता येत. पायाशी हीटरची ऊब येई. किडनी गेलेल्या माणसाच्या थेट हाडात थंडी शिरते. म्हणून खेमसिंग पुढच्या माणसाच्या मांडीवर स्वतःची शाल टाकी आणि दाराच्या फटींत घरच्या कापसाचे बोळे दाबून बसवी. लग्नसराईत नवरदेव मिरवणारी ही गाडी उरलेल्या दिवसांत अशी माणसं न्यायची.

दिवाळीपासून त्या सीटवर उत्तमसिंग राठोड बसत होते. संक्रांतीच्या आधीच्या शुक्रवारी यवतमाळहून परत येताना ते गेले. मान खिडकीकडे कलली होती. झोप लागलीय, लागू द्या, म्हणून कुणी हलवलं नाही. त्यांच्या बंजारा तांड्यासमोर गाडी थांबवून खेमसिंगनं खांद्याला हात लावत "काका" म्हटलं, तेव्हा कळलं. चेहऱ्यावर अशी लाली होती की पाहायला आलेल्या बाया म्हणाल्या, सुटले बिचारे, सुखानं सुटले.

पुढच्या मंगळवारी ती सीट तुळसाबाईला मिळाली.

तुळसाबाई म्हणजे धर्मपाल मिस्त्रीची थोरली बहीण. धर्मपाल नगराळेचं गॅरेज पांढरकवड्यात जुन्या रस्त्यावर आहे. हायवे चार पदरी होऊन गावाबाहेरून गेला तेव्हा ट्रक त्याच्याबरोबर गेले, आणि नव्या गाड्यांना लॅपटॉप जोडल्याशिवाय त्यांचं दुखणं कळेनासं झालं. धर्मपालकडे उरल्या त्या कार्बोरेटरवाल्या, ज्यांचं बोनेट उघडलं की आत माणसाचा हात जाईल एवढी जागा असते. तेवढ्या गाड्यांवर तो एकसष्ट वर्षांचा झाला. आई लवकर गेली होती. जिनिंगमध्ये रेच्याच्या यंत्रात कापूस भरून तुळसाबाईनं त्याला वाढवलं, नागपूरला एका पारशी माणसाच्या गॅरेजात शिकायला ठेवलं, आणि स्वतः विधवा झाल्यावर त्याच्याच घरी येऊन राहिली. धर्मपालची बायको वारल्याला सात वर्षं झाली. घरात दोघंच.

धर्मपालची ख्याती हुशारीची नव्हती, सावकाशीची होती. गिऱ्हाईक म्हणे, पंप गेला वाटते. तो म्हणे, पाहू. खोलून पाहिल्याशिवाय त्यानं कधी कुणाला काय बिघडलं ते सांगितलं नाही. काहींना याचा राग येई.

तुळसाबाई तीन फेऱ्या पुढं बसली. तिसऱ्या फेरीला जोडमोह्याच्या चढावर तिला दोनदा ओकारी झाली. मागं बसलेले किसनराव, मुकुटबनकडचे शेतकरी, जे दुखणं निघाल्यापासून पांढरकवड्याला मुलीकडे राहत होते, हळूच म्हणाले, "मी काही म्हनत नाही बाई. पन उत्तमसिंग तिथं बसे, तं उत्तमसिंग गेला. आता तुमी बसता तं तुमचं हे असं. धरलं हाय त्या सीटले काहीतरी."

त्या शुक्रवारी तुळसाबाई गेली नाही. शनिवारी संध्याकाळपर्यंत तिचे पाय घागरीसारखे सुजले आणि डोळे चेहऱ्यात बुडाले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की एक खाडा शरीर कसंबसं सोसतं, दुसरा सोसेलच असं नाही. मंगळवार मध्ये दोन दिवस टाकून उभा होता.

"मी नाही येत त्या गाडीत," ती भिंतीला टेकून म्हणाली.

"काहून?"

"त्या सीटवर नाही बसत मी."

"मंग मांगं बस."

"मांगं बसू आन पुढं कोनाले बसवू? किसनरावाले? त्याचा जीव काय उसना आनला हाय?"

"मंग रिकामी ठेवा सीट."

"रिकामी ठेवली तं ते मांगच्यावर येते म्हनते किसनराव."

धर्मपालनं हातातला कप खाली ठेवला. "बाई, तू विहारात अंधश्रद्धेवर भाषन ठोकतं. आन सीटले भेतं?"

"भाषन ठोकलं तवा मले ओकाऱ्या नोहत्या."

तो हसला नाही. सुजलेल्या पायावर बोट दाबलं की पडणारा खळगा किती वेळानं भरतो, ते पाहत बसला. मग गाडीचं दुखणं विचारावं तसं त्यानं विचारायला सुरुवात केली.

"डोकं कवा दुखते? जाताना का येताना?"

"दोन्ही डाव. जाताना मोहदा मांगं पडलं का सुरू होते. मशीनवर पडली का उतरते. येताना अजून जास्त."

"घरी?"

"घरी नाही."

"आन मांगच्या सीटवर बसत होती तवा?"

"येताना दुखे थोडं थोडं. ते तं सगळ्याइलेच दुखते, डायलिसिसचं." ती थांबली. "पन उत्तमभाऊचं जातानाच दुखे. मी म्हनत होती, बीपी असन."

डायलिसिसनं डोकं दुखतं ते नंतर. मशीनवर जायच्या आधीच दुखणारं आणि मशीनवर उतरणारं डोकं हे मशीनचं नव्हतं. धर्मपाल उठून अंगणात गेला आणि खेमसिंगला फोन लावला. उद्या रविवार. पहाटे पाचला गाडी घेऊन ये, म्हणाला. पेशंट मी.

सीटमध्ये काही नाही हे त्याला दाखवायचं होतं. तेवढं दाखवलं की बाई मंगळवारी बसणार होती. त्यानं मनात एवढंच धरलं होतं.

खेमसिंग चाळिशीचा, गोरा, दाढीवाला. त्याच्या डाव्या गालात दिवसभर सुपारी-तंबाखूचा खर्रा असे. अंधारात त्यानं धर्मपालला पुढच्या सीटवर बसवलं, शाल टाकली, कापसाचे बोळे फटींत दाबले. "मिस्त्री, जायचं असन तं आधी सांगजा. गाडी साइडले घेतो."

"जसं पेशंटले नेतं तसंच नेजो. काच उघडू नको, हीटर बंद करू नको. मी रस्त्यावरचे दगड वाचत जातो. मोठ्यानं. वाचायचं थांबलो तं थांबव."

गाडी सुरू झाली. पहिली दोन मिनिटं बोनेटखालून टिकटिक आली, मग विरली. हवेत कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्याचा वास होता, तो काचा चढवल्यावर बाहेर राहिला. आत ऊब पायापासून चढू लागली. खरंच सुख होतं. धर्मपालला वाटलं, या सुखासाठीच तर आपण नोव्हेंबरात या हीटरवर तीन दिवस घातले. हेडलाइटच्या उजेडात दगड येत गेले. यवतमाळ एकसष्ट. साठ. खेमसिंग आपल्या बाजूची काच चार बोटं खाली ठेवून गाडी चालवत होता आणि दर दोन-तीन किलोमीटरला मान वळवून बाहेर थुंकत होता.

मोहद्यापर्यंत काही नव्हतं. कपाळाभोवती कुणी ओला पंचा बांधत आहे असं त्यानंतर वाटलं. वास म्हणावा तर जुन्या गाडीचा, रेक्झिन आणि पेट्रोलचा, आयुष्यभराचा. धूर दिसत नव्हता, डोळे चुरचुरत नव्हते. चढ लागला. इंजिन कण्हू लागलं आणि पायाशी येणारी हवा अजून गरम झाली. हातापायांत गोड जडपणा उतरला. आपण कशासाठी निघालो होतो ते आठवण्याची गरज वाटेना.

"मिस्त्री," खेमसिंग म्हणाला, "तुमी अडतीस तीन डाव म्हटलं."

"अडतीसच हाय."

"अडतीस मांगं गेलं. तेहतीस आलं."

धर्मपालला उत्तर द्यायचं होतं. जीभ वळली नाही. मग दार उघडल्याचा आवाज आला, गार हवेचा फटका तोंडावर बसला, आणि तो रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर होता, रात्रीचं जेवण ओकत. खेमसिंग एका हातानं त्याची पाठ चोळत होता, दुसऱ्या हातात बाटली. त्याच्या गालातला खर्रा गिळला गेला होता.

"धरलं हाय न सीटले," खेमसिंग पुटपुटला. "किसनराव खोटं नाही बोलत."

तांबडं फुटेपर्यंत धर्मपाल कडेच्या दगडावर बसून राहिला. डोकं घणाखाली ठेवल्यासारखं ठणकत होतं. सीटमध्ये काही नाही हे दाखवायला निघालेला माणूस आता त्या सीटपासून दहा पावलं दूर बसला होता, आणि तिच्याकडे पाहायची त्याला भीती वाटत होती. ती भीती त्यानं थोडा वेळ तशीच राहू दिली. मग उठला.

"गाडी सुरू ठेव. बोनेट उघड. तुही उदबत्ती दे."

डॅशबोर्डवर सेवालाल महाराजांच्या फोटोपुढं उदबत्तीचा पुडा होता. खेमसिंगनं एक पेटवून दिली. धर्मपालनं ती बोनेटखाली धरली. चालत्या इंजिनावर धूर वर उठतो आणि पंख्याच्या वाऱ्यानं फाटतो. इथं तो वर उठला, थबकला, आणि वळला. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्या पत्र्यातल्या मुठीएवढ्या भोकाकडे दोरीसारखा ओढला जाऊन आत नाहीसा झाला. खेमसिंगनं वाकून पुढच्या सीटच्या पायाशी नाक नेलं. "मिस्त्री, इथं उदबत्तीचा वास येते."

ते भोक धर्मपालच्या ओळखीचं होतं.

यवतमाळ जिल्ह्यात गाडीचा हीटर म्हणजे बैलाला स्वेटर. मार्चपासून इंजिनाला उकळ्या फुटतात. म्हणून इथला कुठलाही मिस्त्री जुनी गाडी हातात आली की आधी हीटर तोडतो. पाण्याचे पाइप परस्पर जोडतो, पंख्याची वायर काढतो, गळायला एक जागा कमी करतो. धर्मपालनंही या गाडीचा हीटर अकरा वर्षांपूर्वी असाच तोडला होता. तेव्हाच पुढच्या जाळीतून बाहेरची हवा हीटरपर्यंत आणणारा जाडा पाइप, कागद-कापडाचा, उंदरांनी खाल्लेला, त्यानं काढून फेकून दिला होता. नोव्हेंबरात खेमसिंग आला. काकाले थंडी सहन होत नाही, हीटर चालू करून द्या म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी हीटर मागत होतं. धर्मपालनं आतला छोटा रेडिएटर उकळत्या पाण्यानं धुतला, नवे पाइप टाकले, दुसऱ्या गाडीचा पंखा बसवला. हवेचा तो पाइप मात्र कुठं मिळेना. भोकासमोर उभं राहून त्यानं विचार केला होता, आणि तो विचार त्याला आता शब्दनशब्द आठवला: बोनेटखालची हवा आधीच गरम असते, तीच ओढली तर बरंच, लवकर ऊब येईल.

एवढ्यानं कुणी मेलं नसतं. बोनेटखाली नुसती गरम हवा असती तर.

"गाडी सुरू झाली का टिकटिक करते, ते कवापासून?"

"डिसेंबरपासून. तुमाले सांगतलं होतं न मी. तुमी म्हटलं, लग्नसराईच्या आधी पाहू. थंडीतच करते, गरम झाली का बंद होते."

धर्मपालनं पोतं मागितलं, बाटलीतल्या पाण्यानं भिजवलं आणि खेमसिंगला ते सायलेन्सरच्या तोंडावर पायानं दाबून धरायला लावलं. मागचा रस्ता बंद झाल्यावर धूर दुसरी वाट शोधतो. इंजिन गुदमरलं, आणि डाव्या बाजूनं, जिथं इंजिनातला जळका धूर ओतीव लोखंडाच्या नळीत उतरतो त्या जोडापासून, साप फुत्कारावा तसा आवाज आला. त्यानं तळहात जवळ नेला. गरम झटके लागले, एकामागून एक. टॉर्च मारली. दोन नंबरच्या सिलिंडरखाली जोडात दाबलेली गॅस्केट जळून गेली होती आणि लोखंडावर काजळाचा काळा ओघळ उतरला होता. त्या ओघळापासून भोक वीतभर अंतरावर होतं. आणि भोकाच्या पलीकडे सरळ पुढच्या माणसाचे पाय.

डाव्या सीटवरच का, हे कळलं. हिवाळ्यातच का, हे कळलं. खेमसिंगला काही का होत नाही, तेही त्या चार बोटं उघड्या काचेतून कळलं. त्याला खर्रा थुंकायचा असायचा. जितकं जास्त दुखणं, तितका माणूस त्या भोकाच्या जवळ बसवला जायचा. वर शाल. फटींत कापूस.

"पोतं काढ," धर्मपाल म्हणाला.

परत येताना चारही काचा उघड्या होत्या आणि हीटर बंद. उन्हं आली तेव्हा खेमसिंग म्हणाला, "काका तसेही जानारच होते, मिस्त्री. डॉक्टरनं सहा महिने सांगतले होते."

धर्मपाल मागं जाणारे दगड पाहत होता.

"कोनाले सांगू नका. माह्या तांड्यात माहं घर हाय. भावसिंगकाका तांड्याचे नाईक, आन उत्तमकाका त्याइचे सख्खे भाऊ. मले गाडीसुद्धा जाळतीन."

"गाडी तुही. भोक माहं," धर्मपाल म्हणाला.

सोमवारी त्यानं जोड खोलला, घासून सपाट केला, नवी गॅस्केट बसवली. हीटर पुरता उपटून काढला. भोकावर पत्रा ठेवून रिबिटं मारली, कडेनं मसाला भरला आणि उदबत्ती फिरवून पाहिली. मग पुन्हा पाहिली. संध्याकाळी तो स्वतः पुढच्या सीटवर चाळीस किलोमीटर बसून आला आणि सगळे दगड बरोबर वाचले.

रात्रीच्या भाकरीला त्यानं बहिणीला सगळं सांगितलं. ती सुजलेल्या बोटांनी भाकरीचा तुकडा मोडत ऐकत होती.

"म्हंजे सीटले काही नोहतं."

"सीटले नोहतं."

"तुह्या हातचं होतं."

"हो."

तिनं तो तुकडा ताटात तसाच ठेवला. "उत्तमभाऊच्या घरी सांगतलं?"

"काय सांगू? त्यानंच गेले का कायनं गेले, ते कोनाले माहीत?"

"मी तं गेली नाही अजून," तुळसाबाई म्हणाली, "म्हनून मले सांगून राह्यला काय?"

मंगळवारी तुळसाबाई गाडीत बसली. मागं बसली, पुढं धर्मपाल होता. किसनरावांनी बसताना रामराम केला आणि काचा उघड्या का म्हणून दोनदा विचारलं. पोचेपर्यंत सगळे गारठले होते, पण कुणाचं डोकं दुखलं नाही. तुळसाबाईला मशीनला लावलं तेव्हा तिचं ब्लडप्रेशर पाहून सिस्टर रागावली. धर्मपाल दाराशी थांबून राहिला. सिस्टर बाहेर आली तेव्हा त्यानं विचारलं, एखाद्या पेशंटच्या अंगात गाडीचा धूर गेला तर काय होतं.

सिस्टर तरुण होती, घाईत होती, पण थांबली. म्हणाली की या पेशंटांचं रक्त आधीच पातळ, निम्मंच काम करणारं. धुरातला गॅस तेही अडवतो. धडधाकट माणसाला नुसतं डोकेदुखीनं भागेल तिथं हे लोक झोपेत जातील. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "राठोड काकांबद्दल विचारता का?"

"हो."

"त्यांचं पोटॅशियमही त्या दिवशी आल्या आल्या खूप वाढलेलं होतं. हृदय त्यानंसुद्धा थांबतं. पोस्टमॉर्टेम झालं नाही. आता कोणीच सांगू शकत नाही, काका."

कोणीच सांगू शकत नाही, हे वाक्य धर्मपाल तीन दिवस जवळ बाळगून होता. ते धरून गॅरेजात बसता येत होतं. पण पाना हातात घेतला की बोटांना दोन नंबरचा जोड लागे. शनिवारी दुपारी त्यानं हात रॉकेलनं धुतले, मग साबणानं, आणि सायकल काढली.

तांडा गावापासून पाच किलोमीटर. उत्तमसिंगांचं घर शेवटचं, सिमेंटच्या पत्र्यांचं. अंगणात कौसल्या तुरीच्या शेंगा झोडपत बसली होती. पन्नाशीची, बारीक, केस नुकतेच पांढरे व्हायला लागलेले. तिनं त्याला ओळखलं. गाडीच्या मिस्त्रीला तांड्यात सगळे ओळखत. बाज टाकली, पाणी आणलं. तांब्या मात्र त्याच्या हातात दिला नाही. बाजेच्या कडेवर ठेवला आणि दूर सरकली.

"माह्या हातचं पीत नसान तं ठेवा तसंच," ती म्हणाली.

धर्मपालला वाटलं तिनं जातीचं काढलं. आपल्यासारख्या बौद्धाच्या घरी पाणी न पिणारी माणसं त्यानं पाहिली होती. हे उलटं होतं. "काहून नाही पिनार?" म्हणून तो घटाघटा प्याला. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

मग त्यानं सांगितलं. भोक कुणी ठेवलं, का ठेवलं, गाडी टिकटिक करते हे कळूनही खोलून पाहिलं नाही. खेमसिंगचं नाव त्यानं घेतलं नाही. स्वतः त्या सीटवर बसल्यावर काय झालं ते सांगितलं. सांगताना तो जमिनीकडे पाहत होता. तिचा हात थांबल्याचं त्याला आवाजावरून कळलं.

तिनं झोडपायची काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी त्याइले संत्रं देल्लं होतं."

"काय?"

"गुरुवारी. शुक्रवारी गेले न, त्याच्या आधल्या दिवशी. डॉक्टरनं मना केलं होतं. संत्रं नाही, केळं नाही, नारळपानी नाही. त्यानं हृदय बंद पडते म्हने. पन ते दोन महिन्यापासून मांगून राह्यले होते, लेकरावानी. वास तरी घेऊ दे म्हने. मी सोलून देल्लं. एक पूरं." तिनं मुठीत शेंगा घेतल्या आणि तशाच धरून ठेवल्या. "तिसऱ्या दिवशी मीच सांगतलं सगळ्याइले. मले नाही राह्यवलं. तवापासून माह्ये पोट्टे माह्या हातचं खात नाहीत. मोठ्याची बायको रांधते. जेठ, त्याइचे थोरले भाऊ, येऊन म्हनाले, तूनं मारलं. तांड्यातल्या बाया माह्या घरचं पानी नाही घेत."

धर्मपालनं रिकाम्या तांब्याकडे पाहिलं.

"तुमी आता हे मले सांगतलं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मले सांगून काय करू मी? वीस दिवस झाले. वीस दिवस मी त्याइच्या फोटोसमोर जाऊ नाही शकली." ती उठली, लुगड्यावरचा भुसा झटकला. "चाला."

"कुठं?"

"जेठाच्या घरी. तिथं सांगा."

भावसिंग ओसरीवर होते. सत्तरीचे, डोक्याला फेटा, मांडीवर नातू. कौसल्या दाराच्या चौकटीपाशी, पण बाहेरच उभी राहिली. धर्मपालनं दुसऱ्यांदा सगळं सांगितलं, उभ्यानंच. बसा म्हणून कुणी म्हटलं नाही. मध्ये कधीतरी भावसिंगांनी नातवाला खाली उतरवून आत पाठवलं. शेजारचे दोघंतिघं येऊन अंगणात थांबले.

सांगून झाल्यावर भावसिंगांनी विचारलं, "म्हंजे संत्र्यानं नाही गेला?"

दवाखान्यातल्या सिस्टरचा चेहरा धर्मपालसमोर आला. पोटॅशियम खूप वाढलेलं होतं. कोणीच सांगू शकत नाही. खरं तेवढंच होतं, आणि ते सांगितलं तर या अंगणात त्याचं काय होईल हे त्याला दिसत होतं: अर्धं त्याच्यावर पडेल, अर्धं तिच्यावर राहील, आणि त्या अर्ध्यानं तिच्या हातचं पाणी कुणी पिणार नाही. त्यानं चौकटीकडे पाहिलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "धुरानं गेले."

"पक्कं?"

"पक्कं. म्या डॉक्टरले विचारलं. संत्र्याचा काही संबंध नाही. धुरानंच गेले, आन धूर माह्या हातानं गेला."

भावसिंगांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. अंगणातला एक जण दोन पावलं पुढं आला होता. भावसिंगांनी हाताच्या इशाऱ्यानं त्याला थांबवलं. मग ते कौसल्येकडे वळून आपल्या बोलीत काहीतरी म्हणाले. धर्मपालला शब्द कळले नाहीत. पण आवाज खाली गेला होता, आणि शेवटी तो प्रश्नासारखा उचलला गेला. त्यांनी परत विचारलं. ती चौकटीवर नखानं रेघ ओढत राहिली.

"तुमी जा," भावसिंग धर्मपालला म्हणाले. "पोलिसात जाऊ का नाही ते आमी ठरवू. आमचं बोलावनं आलं का यायचं."

"येतो."

"आता जा. उत्तमचे पोट्टे वावरातून यायच्या आंधी जा."

सायकल अंगणाबाहेर टेकून ठेवलेली होती. तोपर्यंत गल्लीत माणसं जमली होती, बाया दारांत आल्या होत्या, आणि बातमी त्याच्या पुढं पोचली होती. कुणीतरी शिवी दिली. त्यानं सायकल हातात धरून चालायला सुरुवात केली, तशी कौसल्या मागून येऊन त्याच्या पुढं झाली. डोक्यावर पदर नव्हता. ती मधोमध चालत राहिली, ना हळू ना घाईनं, आणि ती पुढं असल्यामुळे कुणी वाट अडवली नाही. तांड्याच्या तोंडाशी डांबरी रस्ता लागला. तिथं ती बाजूला सरकून उभी राहिली.

धर्मपालला काही बोलावंसं वाटलं. त्यानं हात जोडले.

कौसल्येनं ते पाहिलं, आणि पाठ फिरवून आली तशी परत चालू लागली.